नाच गावचा, भाडं परळचं

सरकारी महोत्सवात लोकनृत्य आलं की निवेदकाचं वाक्य ठरलेलं असतं: मातीशी नाळ जोडलेली कला. नाळ असेलही. पण नाच चालतो तो माणसांच्या रजेवर, मंडळाच्या वर्गणीवर आणि गावच्या गाडीच्या तिकिटावर. पटत नसेल तर कोकणातली जाखडी बघा.

भाद्रपदात रत्नागिरी-रायगडच्या वाड्यांमधून गणपतीपुढे जाखडी रंगते. मधोमध शाहीर, मागे झील धरणारे, ढोलकी किंवा मृदंग आणि झांज. भोवती आठ-दहा गडी, पायात चाळ. गण होतो, गवळण होते, ढोलकी चढत जाते तशी रिंगणाची गती चढते. पाहुण्यांचे मोबाइल त्या पावलांवर रोखलेले असतात. मी आधी नाचणाऱ्यांची चौकशी करतो. त्यातले कितीतरी गडी चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत मुंबईत कामावर असतात. साहेबाने रजा नाकारली तर रिंगणात एक जागा रिकामी पडते.

हे आजचं नाही. कुणबी शेतकऱ्याकडे डोंगरउतारावरचं भाताचं एक पीक, आणि जमीन बहुधा खोताची. खोती 1949 च्या कायद्याने गेली, तोवर मुंबईची वाट पिढ्यांच्या पायाखालची झाली होती. कुणी गिरणीत लागला, कुणी शेठच्या घरी भांडी घासायला. कानात बाळी घालणाऱ्या या घरगड्याला शहराने ‘बाल्या’ म्हटलं आणि त्याच्या नाचालाही तेच नाव चिकटवलं. गावची शेती, गुरं, म्हातारी माणसं बायकांनी सांभाळली. तरी रिंगण पुरुषांचंच राहिलं. वर्षभर घर ओढणारी बाई पडवीत उभी राहून बघायची. संसाराची वाटणी कशी होती ते त्या अंगणात कुणी न सांगता दिसायचं.

मुंबईत एकेका गावाची एक खोली असे, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कितीतरी गडी. गावातला सलोखा, हेवेदावे, वर्गणीची वही, सगळं त्या खोलीत आलं. जाखडीही आली, आणि इथे तिला तिकीट लागलं. जाखडीतल्या दोन पक्षांचे, म्हणजे शक्ती-तुऱ्याचे, जंगी सामने परळच्या दामोदर नाट्यगृहात होऊ लागले. शक्तीवाले म्हणजे कलगीवाले. त्यांच्या लेखी माया श्रेष्ठ, तुरेवाल्यांच्या लेखी पुरुष. या परंपरेचं मूळ तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्या वादात सांगतात. कलगी-तुरा माळव्यात आणि राजस्थानातही आहे, म्हणजे ‘आमच्याच मातीतलं’ हेही पुरतं खरं नव्हे. इकडचा शाहीर सवाल म्हणून पुराणातलं कोडं टाकतो, तिकडच्याला ते गाण्यातच सोडवावं लागतं. प्रकृती-पुरुषाचा हा वाद कारखान्यातून सुटून आलेली, जेमतेम शाळा पाहिलेली माणसं मध्यरात्रीपर्यंत घालत, आणि प्रेक्षक चूक पकडत. अशा माणसाला आपण ‘निरागस लोककलावंत’ म्हणतो, यात कौतुकापेक्षा अज्ञान जास्त आहे.

सामन्यात आचरटपणाही भरपूर असतो. एकमेकांच्या गुरूंची उणीदुणी, दुहेरी अर्थाच्या ओळी, हिंदी सिनेमाच्या उचललेल्या चाली. चालींचं मला काही वाटत नाही. शाहिराने कानावर पडेल ते कायमच उचललं आहे. दुहेरी अर्थाचं मात्र वाटतं, कारण त्यातला विनोद बहुतेकदा बाईच्याच अंगावर जातो. आता बायकाही शाहीर म्हणून उभ्या राहू लागल्या आहेत आणि तिथल्या तिथे उत्तर देतात. परंपरा बिघडली म्हणणाऱ्यांनी एखादा असा सामना शेवटपर्यंत बसून ऐकावा.

1982 च्या गिरणी संपानंतर गिरण्यांचं परळ उरलं नाही. माणसं नालासोपारा, विरार, दिव्याला पांगली. नाच तरीही टिकला, कारण गावाची मंडळं टिकली. पण 1922 पासूनचं दामोदर पुनर्विकासासाठी 2023 साली बंद झालं. वर्तमानपत्रांत हळहळ उमटली ती मुख्यतः मराठी नाटकाची. ती रास्तच आहे, पण नमन, दशावतार आणि शक्ती-तुरा यांचं हे मुंबईतलं हक्काचं घर होतं, हे त्या हळहळीत कुठे शेवटच्या ओळीत आलं, कुठे आलंच नाही. महोत्सवाच्या मंचावर जाखडीला पाच मिनिटं मिळतात. त्यात गिरक्या बसतात, सवाल बसत नाही. आणि सवाल काढला की उरते ती रंगीत कपड्यांतली कवायत. जतनाचा पैसा आपण नेमका तिथे ओततो.

म्हणून दामोदरच्या जागी पुढे जे काही उभं राहील त्याची खुर्च्या-वातानुकूलनाची चित्रं मला दाखवू नयेत. एका रात्रीचं भाडं गावच्या मंडळाला वर्गणीतून झेपेल का आणि पडदा कितीला पाडावा लागेल, एवढं सांगावं. सामन्याला रंग चढतो तोच रात्री उशिरा, आणि बघणाऱ्यांना शेवटची विरार लोकल गाठायची असते.