अब्बांची डायरी आणि एचएमटी 2511

अब्बांच्या इंतकालानंतर आखाड्यावरच्या सामानाची यादी करायला आम्ही बसलो, तेव्हा धाकट्या भावाने ट्रॅक्टरपुढे एकच शब्द लिहिला: भंगार.

माहूरच्या डोंगराखाली आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. आधी कापूस आणि तूर असायची, आता सोयाबीन. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांचा एचएमटी 2511 सोळा वर्षं जागचा हलला नव्हता. सीटवर कोंबड्या अंडी घालत. भंगारवाला 45,000 सांगून गेला होता. अम्मी आधीच गेलेल्या, म्हणजे वारस तिघे: आम्ही, भाऊ आणि आपा. आपांना फोन केला तर म्हणाल्या, "माझा हिस्सा हिशोबात धर, पण विकायच्या आधी एकदा चालू करून बघ. अब्बा मला त्याच्या मडगार्डवर बसवून शाळेत सोडायचे." (आज आमचा एखादा विद्यार्थी मडगार्डवर बसून आला तर आम्ही त्याच्या वडिलांना बोलावून घेऊ. मागचं चाक शेजारीच फिरत असतं.)

भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. शेवटी भंगारवाल्याने सांगितलेलीच किंमत आम्ही धरली. भावाला 18,000 आणि आपांना 9,000 देऊन ट्रॅक्टर आम्ही ठेवून घेतला. घरात यावर दोन दिवस कुणी आमच्याशी धड बोललं नाही.

एचएमटी म्हटलं की लोकांना मनगटावरचं घड्याळ आठवतं. त्याच कंपनीने 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवले, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉर कंपनीच्या सहकार्याने. त्याआधी 1959 मध्ये फरिदाबादहून आयशर निघाला होता, 1965 मध्ये महिंद्राचा बी-275 आला. 1974 चा स्वराज 724 तर आपल्याच दुर्गापूरच्या संशोधन संस्थेने आखलेला. त्या काळात पैसे असले तरी नंबर लागेपर्यंत थांबावं लागे, म्हणून जुना ट्रॅक्टर मिळाला तरी माणूस भाग्यवान समजला जाई. अब्बांनी हा 1986 मध्ये जुनाच घेतला. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. कारखानाच नाही म्हटल्यावर मूळ पार्ट कुठून आणायचे, हा खरा प्रश्न होता.

आमच्या मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ओढून चालू करायचा नाही." जाम झालेलं इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढतात, आणि लायनरला गंजाने चिकटलेल्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी दोन्ही नोझल काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आम्हाला नऊ दिवस घरी पाठवलं. दहाव्या दिवशी फ्लायव्हील टॉमीने जरासं पुढं, जरासं मागं. केसाएवढं हललं, तेव्हा मिस्त्रींनी आमच्याकडे पाहून चहा मागवला.

चेंबर उघडला तर ऑइल दुधाळ. या इंजिनात लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं, खालच्या रबरी रिंगा कुजल्या की ते पाणी ऑइलमध्ये उतरतं. लायनर, पिस्टन, रिंगा सगळंच नवं लागणार होतं. नांदेडच्या एका दुकानातून 'ओरिजनल' म्हणून सेट आणला. डबा चकचकीत, वर शिक्काही होता. मिस्त्रींनी रिंग लायनरमध्ये घालून फट मोजली आणि डबा आमच्या हातात परत दिला. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. त्या रात्री भावाचाच निर्णय बरोबर होता असं आम्हाला वाटलं, हे कबूल करतो.

मग आठवण झाली अब्बांच्या डायरीची. ट्रंकेत होती, उर्दूत लिहिलेली, शिकस्ता हातात, म्हणजे अक्षरं एकमेकांत मिसळलेली. आम्ही शाळेत उर्दू शिकवतो तरी दोन संध्याकाळी गेल्या. किती तास चालला, ऑइल कधी बदललं, कुणाच्या रानात नांगरट केली आणि कोणाकडे पैसे राहिले, सगळं तारखेनिशी. 1993 च्या एका पानावर होतं की 2511 चा लायनर मिळेना, म्हणून 3511 चा बसवला, बरोबर बसला.

मिस्त्रींना वाचून दाखवलं तर ते हसले. "तो मीच बसवला असेल." झेटॉरने साठच्या दशकात दोन, तीन आणि चार सिलेंडरचे ट्रॅक्टर मुद्दामच असे आखले होते की बरेचसे पार्ट एकमेकांना चालावेत. आमचा दोन सिलेंडरचा, 3511 तीनचा. आता आम्ही 2511 शोधणं सोडलं आणि मोडीत निघालेला 3511 शोधू लागलो. किनवटच्या बाजूला एक सापडला. मालकाने लायनर-पिस्टनसोबत नोझलही देऊन टाकले. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावून मान हलवली. पंप मात्र नांदेडला कॅलिब्रेट करून आणावा लागला.

रंगाबाबत मुलाशी वाद झाला. त्याला चमकणारा लाल हवा होता. बॅटरीच्या पेटीखाली मूळ रंगाचा वीतभर पट्टा सुरक्षित निघाला. तोच नमुना दुकानात दाखवून रंग बनवून घेतला. इंजिनवरची नंबरची पाटी मात्र आम्ही घासू दिली नाही. जुन्या ट्रॅक्टरचा जन्मदाखला तोच. पाटी गेली की कोणता भाग मूळ आणि कोणता मागून आला, हे सांगायला कुणी उरत नाही. तुमच्या शेडमध्ये असं काही उभं असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी ती पाटी शोधा, नंबर उतरवून ठेवा.

आतापर्यंत हिस्से सोडून 39,000 खर्च झाले. एका शुक्रवारी असरनंतर सेल्फ मारला. आधी पांढरा, मग काळा धूर, मग तो जुना ठोका. आपा व्हिडिओ कॉलवर होत्या, काहीच बोलल्या नाहीत. भाऊ उशिरा आला. ट्रॅक्टरला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "तासाला डिझेल किती खातो?"

डायनामो अजून मूळचा मिळालेला नाही. सध्या बाहेरून चार्ज केलेल्या बॅटरीवर चालतो.