पावसाची सुट्टी आदल्या रात्रीच जाहीर करा

२०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला. नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे पाऊस आता कॅलेंडर बघून येत नाही.

आपल्या नाशिकमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की सगळे विचारतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? सराफ बाजार, भांडी बाजारात माल वर हलवायची धांदल उडते. मालाची एवढी काळजी, मग माणसांचं काय? त्यांना सकाळी साडेआठला ग्रुपवर मेसेज: "बघा, जमलं तर या."

हा निर्णय नाही, ही ढकलाढकली आहे. हजेरी बुडेल म्हणून सिन्नरचा पोरगा भर पावसात बाइकवर अंबडला येतो. घसरून पडला, तर एका दिवसाच्या पगारात भागेल का?

माझं मत स्पष्ट आहे. रेड अलर्ट आला, की रात्री नऊच्या आत सुट्टी जाहीर करा, तीही पगारी. बिलं, फॉलोअप घरून होऊ द्या.

"सर, परवडत नाही!" अहो, वर्षाचे तीन दिवस आधीच खर्चात धरा. आणि हा नियम एप्रिलमध्येच लिहून भिंतीवर लावा. आभाळ भरून आल्यावर नाही.