अजान झाली, आत ये

जुन्नर-आंबेगावच्या वाड्या-वस्त्यांवर एक नियम सगळ्या घरांत सारखा आहे, मग घर कुठल्याही धर्माचे असो. दिवेलागणीनंतर पोराने एकट्याने अंगणाबाहेर जायचे नाही. ऊस घराला चिकटून उभा आणि उसात बिबट्या. जुन्नर वनविभागही हेच बजावत असतो. हा नियम मोडला तर जिवाशी गाठ.

आता याच घरात एडीएचडी असलेला मुलगा आहे असे धरा. (मुलीही असतात, त्यातल्या बऱ्याच गप्प बसून हरवलेल्या असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत.) नियम त्याला ठाऊक असतो, विचारले तर घडाघडा सांगेल. पण चेंडू उसाकडे गेला की नियम आठवण्याआधी पाय धावलेले असतात. वेळेचा अंदाजही अशा मुलांना कमीच. आपण त्याला वांड म्हणतो, दादी म्हणते नजर लागली, गळ्यात ताबीज येतो आणि शेवटी खापर अम्मीच्या डोक्यावर फुटते.

माझे म्हणणे असे की अशा घरात नियम वाढवू नका, कमी करा. चपला नीट ठेव, हळू बोल, पाणी सांडू नको, सबक पाठ कर, मोबाइल ठेव अशी पन्नास फर्माने दिवसभर सुटतात, सगळी एकाच चढ्या आवाजात. बिबट्याचे एक्कावन्नावे. त्याच्या कानाला चपला आणि बिबट्या एकाच वजनाचे होऊन बसतात! जिवाचे नियम दोन-तीनच ठेवा. चपला राहू द्या वाकड्या.

आणि नियमाला घड्याळ नको, कानावर पडणारी खूण हवी. मगरिबची अजान हिवाळ्यात सहाच्या सुमारास होते, उन्हाळ्यात सातनंतर. अंधाराबरोबर तीच सरकते, पोराला हिशेब करावा लागत नाही. जिथे अजान पोहोचत नाही तिथे अंगणातला दिवा लागणे ही खूण चालेल. "अजान हुई, अंदर आ." एवढेच बोलायचे, आणि अम्मी, अब्बा, दादी, चाचा सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. वर्गात अशा मुलांना लांबलचक सूचना पोहोचत नाही, छोटी आणि रोज तीच असलेली पोहोचते. तो आत आला की तिथेच शाबासकी द्या, महिन्याअखेरच्या सायकलचे आमिष त्याच्या कामाचे नाही. माराने तो पळायला शिकतो, आणि पळतो तो उसाकडेच.

तरीही त्या वेळी मोठे माणूस अंगणात हवेच. रमजानमध्ये नेमके तेव्हाच सगळे दस्तरखानाभोवती असतात आणि दार उघडे राहते. अजानच्या आधीच त्याला आत बोलावून खजुरांची थाळी त्याच्या हाती द्या, वाटायचे काम त्याचे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून सरकारी शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात, त्यांच्या यादीत एडीएचडीही आहे. पथक आले की लाजू नका, मुलाचे नाव पुढे करा आणि डॉक्टरांना घरी काय काय घडते ते सांगा.