गोवराची तारीख लिहून ठेवा

दहा-बारा वर्षांचं मूल. अभ्यासात बरं होतं, आता पाठ असलेले पाढे विसरतं, उगाच चिडतं. घरच्यांना वाटतं, हट्टीपणा. मग एक दिवस जेवताना हाताला झटका बसतो, घास ताटाबाहेर सांडतो. पुन्हा बसतो, पुन्हा सांडतो. मेंदूचे डॉक्टर आईला विचारतात, "लहानपणी गोवर आला होता का?" आई म्हणते, "आला असेल. नक्की आठवत नाही."

या आजाराला एसएसपीई म्हणतात. गोवराचा विषाणू मेंदूत दडून बसतो आणि बहुधा सात ते दहा वर्षांनी उठतो. बरं करणारं औषध नाही. बहुतेक मुलं काही वर्षांतच जातात.

आजार दुर्मीळ आहे, पण किती, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? कॅलिफोर्नियात १९९८ ते २०१५ दरम्यानचे रुग्ण शोधून त्यांचा जुन्या गोवराशी मेळ घातला. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत १,३६७ मागे एक आणि पहिल्या वर्षातच झालेल्यांत ६०९ मागे एक, असं प्रमाण निघालं. त्याआधी ते फारच कमी मानत.

आपल्याकडे हा मेळ घरातच तुटतो. देवी आली म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, बाहेर कुणाला सांगत नाहीत. पुढे कुटुंब गाव बदलतं, कागद हरवतात. २०२२ मध्ये मुंबईत, गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली. तेव्हा आजारी पडलेली बाळं २०३० च्या आसपास या आजाराच्या वयात येतील. त्यांचा हिशेब तेव्हा कोण लावणार?

म्हणून हात जोडून सांगणं आहे. ताप आणि अंगावर पुरळ दिसलं, की त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवा. रक्ताचा नमुना मागितला तर द्या. मोठ्या मुलाला असे झटके येऊ लागले, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, गोवराचं आपणहून सांगा. लशीमुळे हा आजार होत नाही, लस त्यापासून वाचवते. नवव्या महिन्यानंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, दोन्ही डोस चुकवू नका.

आणि लसीकरणाच्या कार्डावर गोवराची तारीख पेनाने लिहा. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. मूल शाळेत जायला लागलं म्हणून ते रद्दीत टाकू नका, दहावी होईपर्यंत तरी.