रात्रीचा परवाना कुणाला विचारून?

इंद्रपुरीतल्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना गेल्या काही महिन्यांत शनिवारी रात्री अकराच्या आत झोप लागली? प्रश्न साधा आहे, पण तो आता जाहीरपणे विचारायची वेळ आली आहे. मुख्य रस्त्यालगत एका इमारतीच्या गच्चीवर खाण्यापिण्याची जागा सुरू झाली. नाव घेत नाही, कारण आमचे भांडण त्या एका मालकाशी नाही. आधी चहा आणि सँडविच होते. मग मोठे स्पीकर आले, मग वाढदिवसाच्या पार्ट्या, आणि आता रात्री उशिरापर्यंत दारू व संगीत यांचा परवाना काढण्याची बोलणी कानावर येत आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या किती घरांना कुणी विचारले? एकालाही नाही.

आधीच सांगून टाकतो, आम्ही काही गंगाजळ हातात घेऊन बोलत नाही. दिवाळी अंकाइतक्याच सवयीने कपाटात बाटली ठेवणारी घरे आपल्यातही आहेत आणि ती कोणती हे सर्वांना ठाऊक आहे. दारूबंदीही आम्ही मागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत तिथे काय साधले आणि काय नाही, यावर आपल्या नागपूरकडच्या नातेवाइकांत आजही वाद होतात. तो वाद त्यांना लखलाभ. आमचा मुद्दा लहान आहे. ज्याच्या उशाशी हा धंदा चालणार, त्याला विचारल्याशिवाय परवाना देऊ नये.

आपण इथे कसे आलो ते नव्या पिढीला आठवून देणे भाग आहे. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग कचेऱ्यांतली मराठी माणसेही आली. त्याच साली हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली, जी पुढे भेलमध्ये विलीन झाली. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, जबलपूरहून आपले लोक कारखान्यात लागले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुराच्या क्वार्टरांत अर्धे आयुष्य गेले आणि निवृत्तीच्या पैशांतून किंवा कर्ज काढून ज्यांनी घरे बांधली, त्यांपैकी बरेच इंद्रपुरीत आले. पाळीने काम केलेल्या माणसाला झोपेची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपला असेल तर मुले अंगणात कुजबुजत खेळत. त्या घरांत आता तोच बाप ऐंशीच्या घरात आहे, आणि रात्री साडेअकराला त्याच्या खोलीच्या खिडकीची काच ढोलासारखी थरथरते. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर बाहेरगावची चार मुले भाड्याने राहतात. इंजिनीअरिंगची परीक्षा त्यांनाही आहेच.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, ही मर्यादा. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण गच्ची म्हणजे बंदिस्त सभागृह नव्हे, मग तिच्यावर कितीही ताडपत्री ताणा! १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रात्रीची बंदी उचलून धरली आणि शांतपणे जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आपल्या राज्याचा कोलाहल नियंत्रण अधिनियम तर १९८५ पासून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी शपथ घेतल्यावर काढलेला पहिला आदेश ध्वनिक्षेपकांबद्दलच होता. म्हणजे कायद्याचा दुष्काळ नाही.

मग अडते कुठे? एक तर मीटरपाशी. आवाज मोजण्याची जी पद्धत नियमांत आहे, ती माणसाच्या कानाच्या हिशेबाने बसवलेली आहे, आणि तिच्यात खालच्या पट्टीचा घुमारा कमी धरला जातो. भिंतीतून आरपार जातो तो नेमका तोच घुमारा. गाण्याचे शब्द घरात येत नाहीत, नुसते धम् धम् येते. पोलीस येतात तोवर आवाज कमी केलेला असतो आणि ते गेले की पुन्हा चढतो. तक्रार करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर ठाऊक झालेले असते, हे वेगळेच.

इथे एक कडू गोष्ट आपल्यालाही गिळावी लागेल. गणपतीत आपल्याच मंडपातला स्पीकर दहाला बंद होतो का? लग्नाच्या वरातीत डीजे लावणारे सगळे परकेच असतात का? सणांसाठी सरकार वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सूट देऊ शकते, पण ती सरकारने द्यायची असते, आपण घ्यायची नसते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले ते उत्सवांचे मंडप आणि गोंगाट यांविरुद्ध. आपलीच माणसे त्यांच्यावर रागावली. २०१६ साली न्यायालयाने सविस्तर निकाल दिला आणि पोलिसांकडे आवाज मोजण्याची यंत्रे असलीच पाहिजेत असे बजावले. आम्हाला वाटते की आपल्या उत्सवाचा स्पीकर यंदापासून ठीक दहाला बंद व्हावा. नाहीतर त्या गच्चीवाल्याने उद्या बोट दाखवले तर कुठे बघणार?

आता दारूच्या धोरणाकडे येऊ. २०२२ मध्ये राज्याने देशी व विदेशी दारू एकाच दुकानातून विकायला परवानगी दिली. वर्षाला कोटीहून अधिक कमावणाऱ्यांना घरात बार करण्याचा परवानाही त्याच धोरणात होता. ज्याचा बंगला त्याची सोय! त्याच वर्षी १३ मार्चला उमा भारतींनी बरखेडा पठानीतल्या दुकानात दगड भिरकावला, हे आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल, कारण ते दुकान आपल्याच भागातले. जानेवारी २०२३ च्या अखेरीस त्यांनी अयोध्या नगरच्या देवळात मुक्काम ठोकला, तेही दारूच्या दुकानाजवळ. पुढच्याच महिन्यात नवे धोरण आले. अहाते बंद झाले आणि देऊळ, शाळा, मुलींचे वसतिगृह यांपासून दुकानाचे अंतर ५० मीटरवरून १०० मीटर झाले. चांगले झाले, आम्ही तेव्हाही म्हटले होते. पण दोन गोष्टी उरल्या. अहात्यातले पिणारे घरी गेले नाहीत, ते मैदानाच्या कडेला आणि उभ्या मोटारींत गेले. आणि त्या घोषणेत देवळाचे अंतर होते, शाळेचे होते, साध्या राहत्या घराचे नव्हते. शिवाय २०२५-२६ च्या धोरणात बिअर आणि वाइनपुरत्या कमी अल्कोहोलच्या बारची नवी जात निघाली. १९ ठिकाणी धार्मिक म्हणून दुकाने बंद करायची आणि दुसऱ्या दारातून नव्या प्रकारचे बार आत घ्यायचे, हा हिशेब आबकारी खात्यालाच समजतो.

दगड मारायला माजी मुख्यमंत्री लागतो हे तर लाजिरवाणे आहे. आमच्या मोहल्ल्यात माजी मुख्यमंत्री कुणी नाही, आणि दगड मारावा असेही आमचे म्हणणे नाही. सामान्य माणसाला सनदशीर वाट हवी. ती इतरांना मिळालीच आहे की! महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की गृहनिर्माण सोसायटीच्या जागेत नवे बिअर किंवा वाइनचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागेल. दूर कशाला, आपल्याच राज्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये पेसा नियम लागू झाले आणि आदिवासी गटांत ग्रामसभेच्या संमतीशिवाय नवे दारूचे दुकान निघत नाही. झाबुआ-अलीराजपूरच्या ग्रामसभेला जो अधिकार आहे तो योग्यच आहे. आमची तक्रार एवढीच की पुण्याची मावशी मत देऊ शकते, अलीराजपूरची भिलाला बाई हात वर करू शकते, आणि दर वर्षी संपत्तिकर भरणारी इंद्रपुरीची काकू मात्र नुसती खिडकी लावून घेऊ शकते.

काही तरुण मंडळी आम्हाला म्हणतात, काका, शहर बदलते आहे, भदभदा ते रत्नागिरी तिराहा मेट्रो याच रस्त्यावरून जाईल, मग दुकाने उघडणारच. उघडोत. मुलांना रोजगार हवा आणि चांगले हॉटेल आम्हालाही हवे. पण खाली तळमजल्यावर काचबंद जागेत बसून जेवणे वेगळे आणि मोकळ्या गच्चीवरून तीन गल्ल्यांना गाणे ऐकवणे वेगळे. मुख्य रस्त्यावर व्यापार वाढला म्हणून मागची घरे बाजारपेठेत जमा होत नाहीत.

तक्रारीने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी रतलाम आठवावे. तिथल्या न्यू रोडवरचे रहिवासी उघडी गटारे, घाण आणि दारूच्या कारखान्याचे रस्त्यावर वाहणारे दुर्गंधी पाणी यांना कंटाळून १९७२ साली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पालिकेची सबब फेटाळली. आठ वर्षे लागली, पण जिंकले ते मोहल्ल्यातले साधे लोक. तेव्हा वापरलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आज नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून जसेच्या तसे उभे आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश एसडीएम देऊ शकतात.

तेव्हा आम्ही अर्ज तयार केला आहे. एक प्रत कलेक्टरांना, एक आबकारी खात्याला, एक थान्याला आणि एक पार्षदांना. त्यात तीनच मागण्या आहेत. राहत्या घरांना लागून असलेल्या जागेला बारचा परवाना देण्याआधी आसपासच्या घरांची लेखी हरकत मागवावी. मोकळ्या गच्चीवर कुठल्याही वेळी स्पीकरला परवानगी देऊ नये. आणि रात्री दहानंतर आलेल्या तक्रारीची नोंद तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून व्हावी. सह्यांना मराठी-अमराठी भेद नाही. सिंधी शेजारी, बिहारी भाडेकरू, केरळी नर्सबाई, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आहेत, त्यांचीही झोप तीच आहे. महापालिकेची मागची निवडणूक २०२२ मध्ये झाली आणि मुदत पाच वर्षांची असते. हात जोडून दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारापुढे हाच कागद ठेवायचा. सही करतो का, विचारायचे. करत नसेल तर चहा द्यायचा आणि त्याचे नाव पुढच्या अंकात छापायचे.

सह्यांचा कागद या अंकासोबत घरोघर येईल. रविवारी सकाळी कुणीतरी बेल वाजवेल. चष्मा आणि पेन जवळ ठेवा.