बऱ्हाणपूरच्या सूनबाईंचा अर्ज



काही दिवसांपूर्वी बऱ्हाणपुरास आमचा मुक्काम एका परिचित कुटुंबात पडला. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरच्या सूनबाई कागदांचा एक गठ्ठा घेऊन ओसरीवर आल्या. या बाई गावातील एका खाजगी शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवितात. एम.एड. झालेल्या आहेत, वय अडतीस, पदरी दोन मुले. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करावी असे त्यांच्या मनाने घेतले आहे.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "आता आणखी शिकून काय करायचं? पगार तरी वाढणार आहे का?"

प्रश्न गैर नव्हता. खाजगी प्राथमिक शाळेत डॉक्टरेटमुळे पगार वाढेल अशी हमी कोणी देत नाही. आणि नावामागे 'डॉक्टर' लागल्यावर शेजारीपाजारी खोकल्याचे औषध विचारावयास येतील एवढाच लाभ व्हावयाचा, असे आम्हीही थट्टेने म्हणालो. सूनबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या दुसरीच्या वर्गात खकनारकडची चार कोरकू मुलं आहेत. वर्गात वर्षभर तोंड उघडत नाहीत. मैदानावर मात्र त्यांची बडबड थांबत नाही. यात चूक त्यांची, माझी, की पुस्तकाची, हे मला शोधायचं आहे."

यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

बऱ्हाणपूर हे भाषांच्या संगमावरचे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे घरी मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू आणि खेड्यात निमाडी असा येथील व्यवहार आहे. कोरकू तर या सर्वांहून वेगळी, मुंडा कुळातील भाषा. तिचे बोलणारे सीमेपलीकडे मेळघाटातही आहेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे त्याच १९५६ साली संविधानात ३५० 'अ' या कलमाने घातले गेले. कलम आणि दुसरीचा वर्ग यांत अंतर किती, हेच या बाईंस मोजावयाचे आहे.

असे मोजमाप आपल्याकडे नवे नाही. मुंबई विद्यापीठाने १९३६ साली एम.एड. सुरू केले व १९४३ साली शिक्षणशास्त्रातील देशातली पहिली पीएच.डी. दिली. त्याच विद्यापीठाच्या डॉक्टरेट चित्रा नाईक यांनी पुढे गारगोटीसारख्या खेड्यात राहून ग्रामीण शिक्षणाचे काम केले, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

आता अर्जाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम सध्या लागू आहेत. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत; अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांस पाच टक्क्यांची सवलत आहे. एम.फिल. ही पायरी आता राहिली नाही. २०२४ पासून 'नेट' परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशास चालतात: परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष टिकतात. प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते, मराठीत नाही. वयाची अट प्रवेशास नाही. मात्र दरमहा ३७,००० रुपयांची कनिष्ठ शिष्यवृत्ती तीस वर्षांपर्यंत, स्त्रियांस पस्तीसपर्यंत. म्हणजे आमच्या सूनबाईंची ती वेळ टळून गेली. चूल आणि पाळणा यांत गेलेली वर्षे कोणत्याही रकान्यात भरता येत नाहीत, याचे आम्हांस वाईट वाटले.

नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करता येते. त्यासाठी संस्थेचे ना-हरकत पत्र लागते, आणि अभ्यासक्रमाच्या काळात आवश्यक तेव्हा मोकळीक देऊ असे त्यात लिहून द्यावे लागते. मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे, वाढवून आठ. स्त्रियांस आणखी दोन. बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.

मार्गदर्शक शोधणे हे खरे कठीण काम. प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार यांहून अधिक विद्यार्थी घेता येत नाहीत. आणि ज्यांच्या निवृत्तीस तीन वर्षेही उरली नाहीत त्यांस नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा आहे की नाही हे आधी विचारावे. सूनबाईंपुढे इंदूर आणि जळगाव अशी दोन विद्यापीठे आहेत. भुसावळमार्गे जळगाव रेल्वेने जवळ, हा विचार संसारी बाईस करावाच लागतो.

मध्यंतरी एक गृहस्थ त्यांस भेटले व 'घरबसल्या पीएच.डी., प्रबंधही आम्हीच लिहून देऊ' असे सांगून मोठी रक्कम मागू लागले. वाचकांनी सावध असावे. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. देण्यास आयोगाची मनाई आहे.

त्यांचा आराखडाही आम्ही वाचला. विषय दिला होता, 'आदिवासी शिक्षणाच्या समस्या'. आम्ही म्हणालो, "सूनबाई, हे चार गाड्यांचे ओझे झाले. मघाशी ओसरीवर तुम्ही जे बोललात तेच लिहा." त्यांनी शीर्षक खोडले आणि खाली लिहिले: दुसरीतील कोरकू मुले वर्गात कोणत्या क्षणी बोलतात व कोणत्या क्षणी गप्प होतात. त्यासाठी किती शाळा, किती दिवस बसावे लागेल, याचा हिशेब करीत त्या रात्री अकरापर्यंत बसल्या होत्या.

सकाळी निघताना सासूबाईंनी डबा बांधून दिला. सुनेचा जळगावचा वर्ग असेल त्या दिवशी धाकट्याला शाळेत कोण सोडील, याची चौकशी त्या मुलाजवळ करीत होत्या. ना-हरकत पत्रावर मुख्याध्यापकांची सही अद्याप व्हावयाची आहे.