अकरा पानी जोहार

मी अर्ज लिहिणारा माणूस. तहसील कचेरीच्या फाटकासमोर झेरॉक्सवाल्याच्या छपराखाली माझं टेबल आहे, बावीस वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, मयत सासऱ्याचं उतरवणं, निराधाराची पेन्शन, सगळं लिहितो. कागदाला तीस रुपये, म्हाताऱ्या बाईला फुकट. 'सेवेशी' कुठं टाकायचं, 'अर्जदार अत्यंत गरीब असून' हे कितव्या ओळीत आलं की साहेबाचा पेन हलतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. दुसऱ्याची गरिबी मी दहा मिनिटांत कागदावर उतरवतो. पण २०२५ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या पोरीसाठी अर्ज लिहायची पाळी आली आणि चार रात्री माझा हात चालला नाही.

दोस्तांनो, गोष्ट साधी आहे. पोरगी २०१७ साली सोडतीत लागली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणं खाजगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा आमच्यासारख्यांच्या. जातीचा दाखला लावला. उत्पन्न कुणी विचारलं नाही, कारण आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या पोराला त्या जागेसाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आठ वर्षं पोरगी शिकली. फुकट शिकते, असं शाळेतल्या बाया म्हणायच्या. मी म्हणायचो, हक्कानं शिकते. तेव्हा मला वाटायचं, हा नुसता शब्दांचा घोळ आहे.

पण कायदा सहा ते चौदा वर्षांचा. आठवी झाली की कायदा संपला. निकालाच्या पाकिटातच नववीच्या फीचा कागद होता. एक लाख बेचाळीस हजार. माझी आणि बायकोची (ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते) वर्षाची कमाई मिळून तीन लाखांच्या आतबाहेर. ऑफिसातली बाई गोड बोलली. म्हणाली, "घाबरू नका. गरजू पालकांसाठी आमची आर्थिक साहाय्याची योजना आहे. फॉर्म भरा. आम्ही जात बघत नाही हं, फक्त गरज बघतो."

फॉर्म अकरा पानांचा. सगळा इंग्रजीत. मी आजवर शेकडो नमुने भरले, पण असा नमुना सरकारच्या बापानंसुद्धा काढला नाही. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. माझ्या टेबलाला कोण पावती देतो? बँकेचं सहा महिन्यांचं पासबुक. कर्ज किती, कुणाचं, कशासाठी काढलं. घर स्वतःचं की भाड्याचं, खोल्या किती, संडास आत की बाहेर. फ्रीज आहे का, टीव्ही किती इंची, मोबाईल किती आणि कुठल्या कंपनीचे. बायकोच्या अंगावर सोनं किती. तुम्हाला मदत करू शकतील अशा पाच नातेवाइकांची नावं, आणि त्यांनी मदत का केली नाही. मागच्या दोन वर्षांत सहलीला गेला होता काय. आता आम्ही गेलो होतो नागपूरला दीक्षाभूमीवर, जनरलच्या डब्यात, संडासाशेजारी पेपर अंथरून. ती सहल धरायची का नाही? घराचे आतून चार फोटो. आणि शेवटच्या पानावर पोरीनं स्वतःच्या हातानं तीनशे शब्द लिहायचे : मी या मदतीस पात्र का आहे.

त्या अकरा पानांत एक रकाना नव्हता. जातीचा. फ्रीजला रकाना आहे, टीव्हीच्या इंचाला आहे. माझा बाप गटार उपसत मेला आणि मी कचेरीच्या आत न बसता फाटकाबाहेर बसतो, याला रकाना नाही. जात बघत नाही म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. बघितली तर द्यावं लागेल, म्हणून बघत नाहीत.

फॉर्म दिल्यावर निरोप आला, समितीचे दोघं घर बघायला येणार. वस्तीत बातमी पसरली. बायको म्हणाली, फ्रीज दोन दिवस शेजारी नेऊन ठेवू. सहा हजाराचा जुना फ्रीज, दार दोरीनं बांधलेलं. शेजारचा म्हणाला, बाबासाहेबांचा फोटोही काढून ठेव, कशाला उगाच त्यांच्या डोळ्यात? मी गप्प. खरं सांगतो, क्षणभर माझा हात खिळ्याकडं गेला होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आई बोलली. तिला डोळ्यानं कमी दिसतं, पण तिला सगळं दिसतं. म्हणाली, "तुजा आजा येसकर पाळीला भाकर मागाया जायाचा तवा फाटकंच घालून जायाचा. धडकं घातलं की म्हनायचे, म्हार माजला. भाकर न्हाई घालायचे. तूबी घाल मंग फाटकं."

गावकीचा येसकर रात्रंदिवस राबायचा. सांगावा न्यायचा, गावात आलेल्या साहेबाच्या घोड्यापुढं पळायचा, मेलेलं ढोर ओढायचा. त्या राबण्याचा मोबदला म्हणजे ती भाकर. हक्काची होती ती. पण ती दारात उभं राहून, जोहार घालून, मायबाप म्हणून मागायची, अशी रीत घातली. कष्टाची मजुरी भीक म्हणून वाढायची, म्हणजे राबणाऱ्याला कधी हिशेब विचारता येत नाही. ही बामणी व्यवस्थेची सगळ्यात मोठी करामत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टी भाकर सोडा. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं. आणि २०२५ साली मी त्या येसकराचा नातू, इंग्रजीतला जोहार भरत बसलो होतो, अकरा पानी, प्रत्येक पानावर सही.

फ्रीज हलवला नाही. फोटोही नाही. समितीतले एक गृहस्थ आणि एक बाई आले, पाणी प्यायले, त्याचं मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. गृहस्थांनी फळीकडं पाहिलं, म्हणाले, "पुस्तकं बरीच आहेत." आणि वहीत काहीतरी लिहिलं. रद्दीतली पुस्तकं, किलोच्या भावानं आणलेली. महारवाड्यात पुस्तकं दिसली तर गरिबीत मार्क कमी होतात, हा नियम माझ्या ध्यानात आला नव्हता.

पोरीनं तीनशे शब्द लिहिले. मी आठ वर्षं या शाळेत आहे, नववीला रसायनशास्त्राचे प्रयोग आहेत, मला ते करायचे आहेत, असं सगळं. गरिबीची एक ओळ नाही. मी, बावीस वर्षांचा मुरलेला अर्जनवीस, तिला म्हणालो, दोन ओळी परिस्थितीच्या टाक, वाचणाऱ्याला पाझर फुटतो. ती म्हणाली, "पप्पा, ते तुमच्या फॉर्मात आहे ना सगळं. माझ्यात कशाला?" मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, अरे बाबासाहेबसुद्धा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवरच शिकले. शिकले. १९१३ साली महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करीन असा करार. करार पाळायला १९१७ साली बडोद्याला गेले तर राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. सयाजीरावांचे उपकार कुणी नाकारत नाही. पण एका माणसाला शिष्यवृत्ती मिळाल्यानं महारवाडा शिकत नाही, हे बाबासाहेबांना स्वतःच्या अंगावरून कळलं होतं. म्हणून त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. आणि त्याच १९१७ साली तिकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तिथं बापाचा गुन्हा काय, तर पोर शाळेत धाडलं नाही. इथं माझा गुन्हा काय, तर धाडलं, आणि आठवीनंतरही धाडतोच म्हणतो.

आणखी मागं चला. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरानं प्रवेश मागितला. नेहमीची फी द्यायला तो तयार होता. नाकारलं. त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकार म्हणालं, एका महारासाठी बाकीची सगळी पोरं शाळा सोडतील, ते परवडत नाही. त्या पोराकडं फी होती आणि जात आडवी आली. माझ्या पोरीची जात कुणी विचारत नाही आणि फी आडवी येते. पावणेदोनशे वर्षांत दार तेच आहे, फक्त कडी वरची खाली बसवली. १८८२ साली जोतिबांनी हंटर कमिशनला लिहून दिलं की निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. आपण चौदापर्यंत आलो. एवढ्या वर्षांत दोन इयत्ता!

बरं, मदत घेतं कोण? हे विचारा. ही शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. धर्मादाय म्हणून तिला आयकरात सूट आहे. अशा कितीतरी संस्थांना सरकारनं जमिनी सवलतीनं दिल्या. शिक्षण हक्काच्या कायद्यातच लिहून ठेवलंय, की जमीन-इमारत फुकट किंवा सवलतीत घेताना काही पोरं मोफत शिकवायचं जिनं कबूल केलंय, तिला तेवढ्या पोरांचे पैसे सरकारकडून मागता येणार नाहीत. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं कोण काय घेऊन बसलंय. म्हणजे पहिला अर्जदार संस्थाच. तिनंही कधीतरी 'सेवेशी' लिहून अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि कुणी समिती तिच्या घरी जाऊन फ्रीज मोजून आली नाही. तिला मिळालं त्याचं नाव सवलत. मला मिळतं त्याचं नाव मदत.

संस्थाचालकांची एक तक्रार मी मान्य करतो. पंचवीस टक्क्यांच्या पोरांचे पैसे सरकार वर्षानुवर्षं थकवतं. पण थकबाकी वसूल करायची तर मंत्रालयात जा ना साहेब, पोरीच्या पाकिटात कागद कशाला घालता? आणि सरकारचं तर काय सांगावं. ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमच बदलला, की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्के जागा द्यायला नकोत. शहरात एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेला कोपरा दाखवा मला! पालक कोर्टात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. हक्क होता म्हणून कोर्टात जाता आलं. मदत नाकारली म्हणून कोण कोर्टात जातो?

आपल्यातले साहेबलोक मला म्हणाले, पोरगी हुशार आहे तर स्वतः मार्कांवर मिळवेल, रडतोस कशाला. हे साहेब सरकारी होस्टेलात राहून, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकले. तेव्हा त्यांना कुणी टीव्हीचे इंच विचारले नव्हते. कुणी म्हणतात, महापालिकेच्या शाळेत घाल. घालीन. अगोदर तुमचा नातू घाला, मग दोघं मिळून तिथल्या प्रयोगशाळेसाठी भांडू.

निकाल आला. चाळीस टक्के फी माफ, एका वर्षापुरती. अटी : पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गुण, दरवर्षी नव्यानं अकरा पानं, देणगीदाराला पोरीच्या हस्ताक्षरात आभाराचं पत्र, आणि वार्षिक समारंभाला आईवडिलांची हजेरी. उरलेले पंच्याऐंशी हजार दोनशे. पहिला हप्ता मी भरला, पतपेढीतून काढून. लपवत नाही. पोरीचं वर्ष घालवून लढाई करायची हिंमत माझ्यात नाही, आणि ज्याच्यात आहे त्यानं ती दुसऱ्याच्या पोरीवर दाखवू नये. आभाराचं पत्र मात्र गेलेलं नाही.

वस्तीत आठवी पार केलेली आणखी सहा घरं निघाली. त्यातलं एक घर आमच्यातलं नाही, मंदिरातल्या आचाऱ्याचं आहे. त्यानं फॉर्मात सगळं खरं लिहिलं आणि त्याला दमडी मिळाली नाही. सात घरांचा मिळून एकच कागद मी लिहिला, मराठीत, दीड पानी. त्यात 'विनंती' नाही, 'गरीब' नाही. तीन गोष्टी मागितल्या. जमीन कुठल्या अटीवर मिळाली ते दाखवा. न्यासाचे तीन वर्षांचे हिशेब दाखवा. आणि कायदा चौदाला थांबतो तो बारावीपर्यंत न्या, असा ठराव तुमच्या पालक-शिक्षक संघात घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात हीच शिफारस होती, २०२० च्या धोरणात बारावीपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे, पण कायदा जिथल्या तिथं. एक प्रत शाळेला, एक शिक्षणाधिकाऱ्याला, एक धर्मादाय आयुक्ताच्या कचेरीत.

शाळेच्या आवक खिडकीवरच्या पोरानं कागद उलटा-सुलटा केला. रजिस्टरात लिहायला त्याला विषय पाहिजे होता. म्हणाला, "काका, आर्थिक साहाय्याबाबत लिहू ना?" मी म्हणालो, नाही, हिशेबाबाबत लिही. त्यानं लिहिलं, शिक्का मारला, नंबर दिला.

ज्यांची पोरं यंदा आठवीत आहेत त्यांनी निकालाच्या पाकिटाची वाट बघू नये. सोडतीत नंबर लागल्याचा कागद, फीचा कागद आणि शाळेनं दिलेला फॉर्म न भरता घेऊन टेबलावर या. रविवारी मी वस्तीच्या विहारात बसतो, सकाळी दहापासून. या कागदाचे पैसे नाहीत.